पँथर कोणाच्या मालकीचा?

'पँथर' हा शब्द आमच्या घरात नवा नाही. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'दलित पँथर' उभी केली, तेव्हा हे नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर पार्टी'वरून घेतले, हे चळवळीतल्या लहान-थोरांना ज्ञात आहेच. ती पार्टी ऑक्टोबर १९६६ मध्ये ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील या दोन तरुणांनी कॅलिफोर्निया राज्यातील ओकलंड या बंदराच्या शहरात स्थापन केली. त्यांनी ते चिन्ह घेतले अलाबामातील लाउंड्स परगण्यातल्या काळ्या मतदारांच्या पक्षाकडून. म्हणजे मतदानाच्या हक्कासाठी निघालेला हा प्राणी अलाबामातून ओकलंडला आणि ओकलंडहून थेट आमच्या मुंबईत आला.

परंतु फेब्रुवारी २०१८ मध्ये आमच्या मुला-पुतण्यांनी मल्टिप्लेक्समध्ये जाऊन जो 'ब्लॅक पँथर' पाहिला, तो या पार्टीवरचा चित्रपट नव्हता. तो मार्व्हल या चित्रकथा छापणाऱ्या कंपनीचा नायक. स्टॅन ली आणि जॅक किर्बी या दोन गोऱ्या माणसांनी तो निर्माण केला आणि जुलै १९६६ च्या अंकात तो पहिल्यांदा छापून आला. पार्टीच्या तीन महिने आधी! दोन्ही पँथर एकाच वर्षी जन्माला आले, पण त्यांचे एकमेकांशी नाते नव्हते. एक होता रस्त्यावरचा, दुसरा कागदावरचा. हे नाते जुळवले ते याच ओकलंड शहरात १९८६ साली जन्मलेल्या एका दिग्दर्शकाने. त्याचे नाव रायन कूगलर.

सुपरहिरोच्या चित्रपटावर या सदरात लिहायचे कारण काय, असे काही ज्येष्ठ वाचक विचारतील. उडणारी माणसे, लोखंडी कपडे, इमारती कोसळतात, शेवटी जग वाचते. त्यात आपले काय? कारण असे आहे की कूगलर यांनी २०२५ पर्यंत दिग्दर्शित केलेले पाचही चित्रपट आम्ही पाहिले आणि त्या पाचांत उडणाऱ्या माणसांपेक्षा दुसराच एक प्रश्न सतत डोके वर काढताना आम्हाला दिसला. हे कोणाचे आहे? देह कोणाचा, घर कोणाचे, गाणे कोणाचे, गोष्ट कोणाची? वकिलीच्या धंद्यात आम्ही रोज मालकीचेच दावे पाहतो. म्हणून हा प्रश्न आमच्या डोळ्याला लगेच दिसला असेल, ते नाकारत नाही. पण तो तिथे आहे, हे मात्र निश्चित.

कूगलर यांचे वडील बालसुधारगृहात समुपदेशक होते, आई वस्तीत लोकसंघटनेचे काम करणारी. मुलगा फुटबॉल खेळून शिष्यवृत्तीवर कॉलेजात गेला. तिथे लेखन शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेने त्याचा निबंध वाचला आणि तू पटकथा लिही असे सांगितले. पुढे २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठातून त्यांनी चित्रपटाची पदव्युत्तर पदवी घेतली. त्या शिक्षणाच्या सुरुवातीला राहायला जागा नव्हती म्हणून ते गाडीत झोपत. आणि त्याच वर्षांत वडिलांप्रमाणे तेही बालसुधारगृहात समुपदेशकाचे काम करत होते. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण त्यांच्या पुढच्या चित्रपटांत बापाविना वाढलेली, कोठडीत गेलेली पोरे वारंवार येतात. ती पुस्तकातून आलेली नाहीत.

आता पहिला चित्रपट. १ जानेवारी २००९ च्या पहाटे ओकलंडच्या फ्रूटव्हेल रेल्वे स्थानकावर ऑस्कर ग्रँट नावाच्या २२ वर्षांच्या काळ्या तरुणाला रेल्वे पोलिसांनी फलाटावर पालथे पाडले आणि एका गोऱ्या अधिकाऱ्याने त्याच्या पाठीत गोळी घातली. तो निःशस्त्र होता. डब्यातल्या प्रवाशांनी मोबाईलवर हे सारे चित्रित केले. अधिकाऱ्याचा बचाव काय? विजेचा झटका देणारे टेझर काढायचे होते, चुकून पिस्तूल हाती आले! खटला ओकलंडमधून हलवून लॉस एंजेलिसला नेला. ज्युरीत एकही काळा माणूस नव्हता. जुलै २०१० मध्ये खुनाचा आरोप बाजूला पडला आणि हेतूविना झालेल्या मनुष्यवधाखाली दोषी ठरवले गेले. आमच्याकडच्या जुन्या ३०४-अ कलमाची ज्यांना ओळख आहे, त्यांना याचा वास लगेच येईल. बंदूक वापरल्याबद्दलची वाढीव शिक्षा ज्युरीने मान्य केली होती, ती न्यायाधीशांनी काढून टाकली. शिक्षा झाली दोन वर्षे. कच्च्या कैदेचे दिवस आणि सूट वजा जाता जून २०११ मध्ये गृहस्थ बाहेर.

ऑस्कर ग्रँट आणि रायन कूगलर एकाच वयाचे, एकाच भागातले. तो मी असू शकलो असतो, ही भावना या चित्रपटामागे आहे. ग्रँट कुटुंबाचे वकील जॉन बरिस यांच्यामार्फत कूगलर त्या घरापर्यंत पोहोचले, खटल्याची कागदपत्रे वाचली आणि 'फ्रूटव्हेल स्टेशन' लिहिला. खर्च सुमारे ९ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या हिशोबात चिल्लर. ज्या फलाटावर रक्त सांडले त्याच फलाटावर रात्री चित्रीकरण केले. जानेवारी २०१३ मध्ये सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा आणि प्रेक्षकांचा, असे दोन्ही मोठे पुरस्कार या चित्रपटाला मिळाले.

परंतु पुरस्कारांपेक्षा त्यातली मांडणी पाहा. कूगलर न्यायालय दाखवतच नाहीत. सुरुवातीला मोबाईलवरचे ते खरे चित्रण येते, आणि मग ऑस्करचा शेवटचा दिवस. ३१ डिसेंबर, आईचा वाढदिवस. आईसाठी खेकडे आणायचे आहेत. किराणा दुकानातली नोकरी गेली आहे, ते कोणाला सांगितलेले नाही. पूर्वी तुरुंगात जाऊन आला आहे, गांजा विकण्याचा मोह आहे, चार वर्षांची मुलगी आहे. ती म्हणते, मला बंदुकीचे आवाज येतात. तो म्हणतो, फटाके आहेत ते. आणि आई काळजीपोटी सांगते, गाडी चालवू नकोस, रेल्वेने जा.

पोलिसांच्या हातून मेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे आम्हाला न्यायालयात दिसते. मयताची जुनी गुन्हे-नोंद आधी टेबलावर येते. तो कसा होता, कोणाबरोबर फिरायचा, दारू प्यायचा का. गोळी मारणाऱ्याची चौकशी मागे आणि मेलेल्याची पुढे. कूगलर यांनी हेच हत्यार उलटे फिरवले. त्यांनी ऑस्करला देवमाणूस केले नाही. त्याची तुरुंगवारी, त्याचा राग, त्याचे खोटे बोलणे सगळे दाखवले आणि तरीही तो माणूस आहे, हे प्रेक्षकाला मान्य करायला लावले. एका ठिकाणी मात्र त्यांचा हात सैल सुटला. रस्त्यात गाडीखाली आलेल्या कुत्र्याला ऑस्कर जवळ घेतो, असा एक काल्पनिक प्रसंग त्यांनी घातला. त्याची गरज नव्हती. माणूस मेला आहे, त्याच्यासाठी रडायला कुत्रा कशाला हवा? असो. हा चित्रपट अमेरिकेत १२ जुलै २०१३ ला लागला आणि दुसऱ्याच दिवशी फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन या १७ वर्षांच्या काळ्या मुलाला गोळी घालणारा जॉर्ज झिमरमन निर्दोष सुटला. जाहिरात करणाऱ्यांना याहून क्रूर योग जुळवता आला नसता.

दुसरा चित्रपट 'क्रीड', २०१५ चा. 'रॉकी' ही मुष्टियोद्ध्याची चित्रपटमालिका आमच्या पिढीने व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिली आहे. १९७६ च्या मूळ चित्रपटात नायक गोरा, गरीब, बिचारा. आणि त्याच्यासमोर गर्विष्ठ जगज्जेता काळा, अपोलो क्रीड. कूगलर लहानपणी वडिलांसोबत हे चित्रपट पाहत. वडील आजारी पडले, हातपाय साथ देईनात, तेव्हा त्यांच्या मनात कल्पना आली की त्यांचा लाडका रॉकीच आजारी पडला तर? आणि त्याच्यासमोर अपोलोचा पोरगा उभा राहिला तर? त्या मालिकेत जो काळा माणूस केवळ नायकाला मोठे करण्यासाठी होता, त्याच्या अनौरस मुलाला त्यांनी मध्यभागी आणले. हा मुलगा आपल्याला पहिल्यांदा भेटतो तोच बालसुधारगृहात. बापाचे नाव लावावे की आईचे, हा त्याचा झगडा आहे. नाव हीसुद्धा मालमत्ताच की!

इथे एक आडकथा सांगितली पाहिजे. सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी 'रॉकी' स्वतः लिहिला, स्वतः अभिनय केला, पुढचे बरेच भाग दिग्दर्शितही केले. एवढे करून 'रॉकी'च्या मालकीत त्यांचा वाटा शून्य. २०१९ च्या सुमारास त्यांनी ही खंत जाहीरपणे बोलून दाखवली. ज्याने जन्माला घातले त्याचे नाव सातबाऱ्यावर नाही! हे गृहस्थ गोरे, श्रीमंत, जगप्रसिद्ध. त्यांची ही गत, तर इतरांचे काय? कूगलर या माणसाबरोबर काम करत होते. त्यांनी ते पाहिले असणारच.

मार्व्हलचीही गोष्ट वेगळी नाही. ब्लॅक पँथर ज्यांच्या हातून उतरला त्या जॅक किर्बी यांच्या वारसांनी २००९ मध्ये, १९५८ ते १९६३ दरम्यान त्यांनी काढलेल्या इतर पात्रांवर हक्क सांगणाऱ्या नोटिसा दिल्या. न्यायालयांनी म्हटले, ते मोबदला घेऊन मालकासाठी केलेले काम होते, सबब हक्क मालकाचा. २०१३ मध्ये अपिलातही वारस हरले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात असताना २०१४ मध्ये तडजोड झाली. तात्पर्य, सुपरहिरो हा मुळातच कुळाच्या घामावर उभा राहिलेला जमीनदारी धंदा आहे. हात एकाचे, सातबारा दुसऱ्याचा.

अशा घरात कूगलर २०१६ मध्ये भाडेकरू म्हणून शिरले. 'ब्लॅक पँथर' चित्रपट आला तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. खर्च सुमारे २० कोटी डॉलर, जगभरची कमाई १३४ कोटी डॉलरच्या घरात. काळे कलाकार, काळा दिग्दर्शक घेतला तर परदेशात चित्रपट चालत नाही, हा हॉलिवूडमधला जुना सिद्धांत एका आठवड्यात जमीनदोस्त झाला. सौदी अरेबियात ३५ वर्षांची बंदी उठून चित्रपटगृह उघडले, तेव्हा एप्रिल २०१८ मध्ये पहिला दाखवला गेला तो हाच. उत्कृष्ट चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला हा पहिला सुपरहिरोपट. वेशभूषेसाठी रूथ कार्टर आणि कलादिग्दर्शनासाठी हॅना बीचलर, या दोन काळ्या स्त्रियांनी आपापल्या विभागात ऑस्कर मिळवणारी पहिली काळी व्यक्ती होण्याचा मान मिळवला. कूगलर चित्रपट लिहिण्यापूर्वी आफ्रिकेत फिरून आले. लेसोथोतील बासोथो लोकांच्या घोंगड्या पडद्यावर ढाली झाल्या, दक्षिण आफ्रिकेची खोसा भाषा वाकांडाची राजभाषा झाली.

वाकांडा म्हणजे त्या कथेतला आफ्रिकेतला काल्पनिक देश. त्याच्याकडे व्हायब्रेनियम नावाचा अद्भुत धातू आहे, जगात कोणाकडे नाही असे विज्ञान आहे. त्याला कोणी गुलाम केले नाही, कोणी लुटले नाही. कसे वाचले? तर लपून राहिले. शेजारून गुलामांची जहाजे भरून जात होती आणि वाकांडा दार लावून बसला होता. मूळ चित्रकथेत ही लपण्याची गोष्ट अभिमानाची होती. कूगलर यांनी ती आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली.

त्यासाठी त्यांनी कथा सुरू केली १९९२ च्या ओकलंडमध्ये. गरीब वस्तीतल्या एका खोलीत वाकांडाचा राजपुत्र हेर म्हणून राहतो आहे. काळ्यांचे हाल पाहून तो बंड करायला निघतो, आणि त्याचा सख्खा भाऊ, वाकांडाचा राजा, त्याला तिथेच मारतो. खाली पोरे बास्केटबॉल खेळत आहेत, त्यात त्याचा मुलगा आहे. त्या मुलाला तसेच टाकून राजा विमानाने निघून जातो. हाच मुलगा पुढे किलमाँगर होऊन येतो, आणि चित्रपट त्याला खलनायक म्हणतो. त्याचे म्हणणे एवढेच, की जगभर आपल्यासारखे दिसणारे दोन अब्ज लोक भरडले जात असताना तुमच्याकडे सगळे असून तुम्ही काय केले?

बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याच्या सभेत शिकल्या-सवरलेल्यांविषयी जी वेदना बोलून दाखवली, ती ज्यांना आठवते त्यांना किलमाँगरचा प्रश्न इंग्रजीतून समजून घ्यावा लागणार नाही. वाकांडा आमच्याकडेही आहेत. सोसायटीच्या गेटवर आडनाव न लावणारे वाकांडा.

ब्रिटनमधल्या संग्रहालयातला प्रसंग तर कायद्याच्या विद्यार्थ्यांना दाखवावा असा आहे. काचेत आफ्रिकी वस्तू मांडल्या आहेत. किलमाँगर त्या गोऱ्या तज्ज्ञ बाईंना विचारतो, तुमच्या पूर्वजांनी हे विकत घेतले होते की इतर सगळ्यासारखे उचलले होते? कोणताही दिवाणी वकील खरेदीखत हाती घेतल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतो. तुमच्याकडे कोणाकडून आले, आणि त्याच्याकडे कोणाकडून?

आता आमची तक्रार. किलमाँगर बरोबर बोलतो, म्हणून त्याला क्रूर करून ठेवले आहे. तो स्वतःच्या मैत्रिणीला मारतो, म्हातारीचा गळा आवळतो. मग तो मेला की प्रेक्षकाला हायसे वाटते. आणि शस्त्रे घेऊन निघालेली विमाने पाडतो कोण? तर सीआयएचा एक गोरा, गोड अधिकारी! ज्या अमेरिकी सरकारी यंत्रणांनी ओकलंडचे खरे पँथर मोडून काढले, त्यांच्याच जातकुळीतला माणूस इथे पँथरचा मित्र. मुद्दा किलमाँगरच्या बाजूने निकाली निघतो, कारण राजा टी'चाला शेवटी आपल्या पूर्वजांना तुम्ही चुकलात असे सुनावतो. पण शिक्षा होते किलमाँगरलाच. हा निवाडा घरमालकाचा आहे, असे आमचे मत. भाडेकरूला भिंतीला रंग देता येतो, भिंत पाडता येत नाही.

आणखी एक. एवढे पुढारलेले राष्ट्र, आणि तिथे मतदान नाही! राजा ठरतो धबधब्याच्या कडेला कुस्ती मारून. विज्ञान एकविसाव्या शतकाच्या पुढचे आणि राज्यघटना आखाड्याची. लाउंड्स परगण्यात ज्यांनी मतासाठी जीव धोक्यात घातला, त्यांच्या पँथरच्या नावावर हे शोभत नाही. तरीही या चित्रपटाचा शेवट आम्हाला आवडतो. राजा ओकलंडला येतो, ज्या इमारतीत त्याच्या काकाला मारले ती इमारत विकत घेतो आणि तिथे वस्तीसाठी केंद्र काढायचे ठरवतो. अवघ्या जगाच्या लढाईनंतर शेवटचे कृत्य कोणते, तर खरेदीखत.

राजाची भूमिका करणारे चॅडविक बोझमन २८ ऑगस्ट २०२० रोजी आतड्याच्या कर्करोगाने गेले. २०१६ पासूनचा आजार त्यांनी कूगलर यांनाही कळू दिला नव्हता. कूगलर चित्रपट सोडून देण्याच्या विचारात होते. मग त्यांनी बोझमन यांच्या जागी दुसरा नट न घेता, २०२२ मध्ये 'वाकांडा फॉरेव्हर' हा शोकाचाच चित्रपट केला. त्यात माया वंशाच्या मूळनिवासी लोकांचे समुद्राखालचे राज्य आले, म्हणजे स्पॅनिश वसाहतवाल्यांनी उद्ध्वस्त केलेल्यांची बाजू आली, ही जमेची गोष्ट. पण दोन पीडित राष्ट्रे आपसात लढतात आणि ज्या पाश्चात्त्य सत्ता धातूसाठी लाळ गाळत होत्या त्या बाजूला राहतात, हे आम्हाला खटकले. त्याच वर्षी जानेवारीत अटलांटा शहरात कूगलर एका बँकेत स्वतःच्या खात्यातले १२ हजार डॉलर काढायला गेले. रक्कम मोठी, म्हणून मोजणी जरा आडोशाला करा, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिले. बँकेला वाटले दरोडा! पोलीस आले, बेड्या पडल्या. ओळख पटल्यावर सुटका आणि दिलगिरी. शंभर कोटी डॉलरचा चित्रपट करून आलेल्या माणसाची ही पत.

दरम्यान कूगलर यांनी निर्माता म्हणून आणखी एक काम केले, त्याकडे आमच्या लोकांचे फारसे लक्ष गेले नाही. शाका किंग यांनी दिग्दर्शित केलेला 'जुडास अँड द ब्लॅक मेसाया', २०२१ चा. हा खऱ्या पँथरवरचा चित्रपट. शिकागोचा २१ वर्षांचा पँथर नेता फ्रेड हॅम्प्टन याला ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे पोलिसांनी अंथरुणातच मारले. घराचा नकाशा एफबीआयला पुरवला होता त्याच्याच संरक्षणाचे काम पाहणाऱ्या खबऱ्याने. तेरा वर्षांनी, १९८२ मध्ये, सरकारी यंत्रणांनी साडेअठरा लाख डॉलर देऊन दिवाणी दावा मिटवला. गुन्ह्यात शिक्षा कोणालाच नाही. मार्व्हलच्या घरात जे बोलता आले नाही ते कूगलर यांनी दुसऱ्या दारातून बोलून घेतले, असे आम्हाला वाटते.

आणि आता 'सिनर्स'. एप्रिल २०२५ मध्ये आलेला हा चित्रपट कोणत्याही जुन्या मालिकेचा भाग नाही. कथा त्यांची स्वतःची. मिसिसिपीतून आलेले त्यांचे एक वडीलधारे नातेवाईक ब्लूज संगीताचे वेडे होते. 'क्रीड'चे काम संपत आले असताना ते वारले, आणि त्या दुःखातून ही कथा सुचली. १९३२ साल, मिसिसिपीतले क्लार्क्सडेल. दोन जुळे भाऊ शिकागोतून पैसा मिळवून गावी येतात, एका गोऱ्याकडून जुनी लाकूड-गिरणी विकत घेतात आणि आपल्या माणसांसाठी नाच-गाण्याची जागा काढतात. रोख पैसे मोजून घेतलेली, स्वतःची जागा! रात्री तिथे रक्त पिणारी भुते येतात. त्यांचा म्होरक्या आयर्लंडचा, त्यालाही साम्राज्याने लुटलेले. तो म्हणतो, आमच्यात या, इथे भेद नाही, सगळे एक. फक्त तुमचे गाणे आणि तुमच्या आठवणी आमच्या होतील. सर्वांना पोटात घेऊन समता देऊ करणारे आम्हाला नवे नाहीत. भुताला गाणे हवे आहे, आणि गिरणी विकणारा गोरा कू क्लक्स क्लॅनचा निघतो, त्याला सकाळी येऊन सगळ्यांना मारायचे आहे.

एक छोटा तपशील आम्ही विसरू शकत नाही. नाच-घरात लोक येतात आणि पेयाचे पैसे म्हणून लाकडी नाणी पुढे करतात. ते मळेवाल्याने मजुरीपोटी दिलेले चलन, जे फक्त मळ्याच्याच दुकानात चालते. भावांमध्ये वाद होतो, हे घ्यायचे की नाही? खरे पैसे घेऊ म्हटले तर आपल्या माणसांजवळ ते नाहीतच. गुलामगिरी कायद्याने १८६५ मध्ये संपली, ही १९३२ ची गोष्ट. मजुरी दिली जाते, पण मजूर मालकाच्या कुंपणाबाहेर काही विकत घेऊ शकत नाही. ज्यांच्या आज्याने बलुते घेतले त्यांना हे वेगळे शिकवायला नको.

पण आम्हाला पडद्यापेक्षा कागदाविषयी बोलायचे आहे. 'सिनर्स'साठी कूगलर यांनी वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओशी २०२४ मध्ये करार केला. त्यात तीन कलमे आहेत. अंतिम संकलनाचा अधिकार दिग्दर्शकाचा. स्टुडिओचा खर्च वसूल होण्याची वाट न पाहता पहिल्या डॉलरपासून उत्पन्नात वाटा. आणि प्रदर्शनानंतर २५ वर्षांनी चित्रपटाची मालकी कूगलर यांच्याकडे. अमेरिकी कायद्यात अशा कंपनीच्या चित्रपटाचा हक्क प्रदर्शनापासून ९५ वर्षे टिकतो. म्हणजे सर्वसाधारण हिशोबाने पहिली २५ वर्षे स्टुडिओची, आणि २०५० नंतरची ७० वर्षे कूगलर आणि त्यांच्या वारसांची. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तर चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता, अशी व्याख्याच आहे; २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार, लेखक, संगीतकार यांना स्वामित्वधनाचा न सोडता येणारा हक्क तरी मिळाला. दिग्दर्शकाच्या हाती आजही करारातल्या कलमाशिवाय काही नाही.

हे कलम जगावेगळे नाही. क्वेंटिन टॅरेंटिनो या गोऱ्या दिग्दर्शकाला आधी असे मिळाले होते. पण कूगलर यांना मिळाल्यावर हॉलिवूडमधल्या काही बड्यांनी, नाव न सांगता, हा घातक पायंडा आहे अशी कुजबुज पत्रकारांकडे केली. चित्रपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत सुमारे ४.८ कोटी डॉलर मिळवले, तरी तेथील व्यापारी वृत्तपत्रांनी नफा अजून दूर आहे असे मथळे दिले. दुसऱ्या आठवड्यात कमाई जवळपास तेवढीच राहिली, मग मथळे बदलले. जगभरात ३६ कोटी डॉलरच्या वर, आणि जानेवारी २०२६ मध्ये ऑस्करची १६ नामांकने, आजवरच्या कोणत्याही चित्रपटापेक्षा अधिक.

असे कलम का मागितले, या प्रश्नावर कूगलर यांनी दिलेले उत्तर साधे आहे. चित्रपटच काळ्या माणसांच्या मालकीविषयी आहे, म्हणून या चित्रपटासाठी ते हवे होते. आम्हाला यात एक वकिली शहाणपण दिसते. भाषणाने मागितलेली मालकी आणि करारात लिहून घेतलेली मालकी यांत फरक असतो. आमच्याकडे येणारे निम्मे अशील सही करून झाल्यावर येतात. साहेब, यात काय लिहिले होते? शाहीर गाणे लिहितो, कॅसेटवाला छापतो, घराघरात ते वाजते, आणि शाहिराच्या हाती एकदाचे मानधन व शाल. कागद कोणी विचारत नाही.

क्लार्क्सडेल गावात चित्रपटगृहच नव्हते. ज्यांच्या गावाची गोष्ट जगभर गाजत होती त्यांनाच ती पाहता येईना. गावकऱ्यांनी जाहीर पत्र लिहून मागणी केली. मे २०२५ च्या अखेरीस गावच्या सभागृहात पडदा लावून चित्रपट फुकट दाखवण्यात आला, आणि कूगलर स्वतः तिथे आले.

२०२५ च्या अखेरीस कूगलर यांनी सांगितले की पुढचा चित्रपट 'ब्लॅक पँथर'चा तिसरा भाग. म्हणजे पुन्हा त्या मोठ्या घरात, जिथला सातबारा डिस्नीच्या नावाने आहे. किलमाँगरच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हे त्यांना या वेळी सांगू दिले जाते का, ते आम्ही पाहणार आहोत.